दात दिसू देऊ नका

वागळे इस्टेटात, सोळा नंबरच्या रस्त्याला
माझं फोटोचं दुकान.
जग मला मापात पाठ आहे:
अमेरिका दोन इंच बाय दोन,
कॅनडा त्याहून उभट,
युरोपला कपाळ मोकळं लागतं.

चष्मा काढा. कान दिसू द्या. दात नको, म्हणतो मी,
आणि माणसं निघण्याआधीच
जरा परकी होतात.

काल चेंदणीच्या इंदुमती तांडेल आल्या,
लेकीकडे ऑकलंडला निघालेल्या.
"तिकडं खाडी हाय का रं?"
फोनवर नकाशा मोठा करून दाखवला.
निळंच निळं.
"आन् वास?"
मला सांगता येईना.

दुपारी गिऱ्हाईक नसलं
की त्याच स्टुलावर मी बसतो.
आज लिस्बन. उतारावरचं घर, खाली ट्राम.
परवा जपानातलं एक गाव होतं, बर्फाचं,
जिथं माझं आडनाव कुणाला वाचता येणार नाही.
कधी नुसतं येऊरच्या पायथ्याशी,
सातवा मजला, डोंगराकडची खिडकी
(हप्ता काढला तर तेही लिस्बनएवढंच लांब).

टायमर लावतो. दहा सेकंद.
आठव्याला हसू फुटतंच.

कुठल्याच देशाला चालणार नाहीत
असे अकरा फोटो
गल्ल्याच्या काचेखाली आहेत.