अगत्य येण्याचे करावे

फोंड्याच्या वरच्या बाजारात, चष्म्याच्या दुकानाला लागून
आमचा छापखाना. आता फक्त लग्नपत्रिका,
मुंजी, सत्यनारायण,
आणि निवडणूक आली की पत्रकं.

प्रणेश आला तो बुधवार. कोलवाळहून सुटून एकवीस दिवस.
शर्टावर दुकानातल्या घड्या तशाच,
बहिणीने नवा घेतला असणार.
म्हणाला, अक्षर चांगलं आहे.
बाकी काय येतं ते मी विचारलं नाही,
पेपरात आलं होतं:
एका खोलीत बत्तीस मोबाइल, वायरींचं जंजाळ,
दिवसाला चाळीस हजार मेसेज.
आपली वीज आज रात्री साडेनऊ वाजता तोडण्यात येईल.
खालील नंबरवर त्वरित संपर्क साधावा.

आमच्याकडे खिळे जुळवायचे ते वासू,
खिळे भंगारात गेले तरी वासू राहिले, आता प्रुफं बघतात,
त्यांनी त्वरित संपर्क साधला होता.
एकसष्ट हजार. गुडघ्याच्या ऑपरेशनचे.
अजून जिना चढताना ते कठड्याशी काहीबाही बोलतात.

मी दोघांना एका टेबलावर बसवलं.
टेबल एकच आहे, हे खरं कारण.
मोठ्या मनाचं श्रेय मला कुणी देऊ नये.

तिसऱ्या दिवशी वासूंनी विचारलं, प्रुफातून मान वर न काढता,
"तो मेसेज तुजोच मरे?"
प्रणेशने पेन खाली ठेवलं.
"सांगता येत नाही. तेव्हा असे पाठवणारे पुष्कळ होते.
मी नुसता पाठवायचो, फोन दुसरेच घ्यायचे.
नंबर यायचे, नावं नसायची.
माझाच होता, असं धरून चाला."

वासू दोन दिवस कामावर आलेच नाहीत.

माझी बहीण म्हणते, शिक्षा भोगली, विषय संपला.
नवरा म्हणतो, शेपूट नळीत घातलं म्हणून काय झालं.
दोघांचीही दमडी गेलेली नाही.
ज्यांचे गेले त्यांना कुणी विचारायला गेलं नाही,
आणि जायचं तरी कुठे?
कोर्टाने महिने मोजले, अठ्ठावीस.
माफी मागायची तर पत्ता लागतो.

सोमवारी वासू आले. बगलेत यादी,
बोरीच्या शिरोडकरांचं लग्न, तीनशे पाकिटं.
खुर्ची ओढली आणि वाचायला लागले.
"श्री. घनश्याम पुरुषोत्तम कुंडईकर. ई दीर्घ.
अरे दीर्घ म्हटलं मी.
पुढचं... हे खोड. हे श्रावणात गेले.
बायकोचं घाल. श्रीमती नको, नुसतं नाव घाल,
तिला अजून सवय नाही त्याची."

प्रणेशचं पेन तिथे थांबलं.
"सगळ्यांना ओळखता तुम्ही?"
"बोलावायचं तर ओळखायला नको?"

दुपारी जेवणापर्यंत शंभर झाली.
त्याच्या एका दिवसाच्या मेसेजना
या दोघांच्या हातांनी दोनशे दिवस लागले असते,
मी हिशेब केला, आणि कुणाला सांगितला नाही.
शिरोडकरांनाही सांगितलेलं नाही
त्यांच्या पाकिटांवरचं वळणदार अक्षर कुणाचं.
मुलीच्या आईने विचारलं, कौतुकानेच.
मी म्हटलं, नवा मुलगा आहे.

याला संधी म्हणतात का, ठाऊक नाही.
रोजचे साडेचारशे देते.
गल्ल्याची किल्ली माझ्या कमरेलाच असते,
पूर्वी खिळ्याला टांगलेली असायची.
चारच्या सुमाराला वासू त्याला चहा आणायला पाठवतात,
शंभराची नोट देऊन,
आणि उरलेले सुटे त्याच्यासमोर मोजतात,
नाणी टेबलावर एकेक ठेवत.
तो उभा राहतो, मोजून होईपर्यंत.