रू दीर्घ

तेव्हा मी सहावीत होते
आणि घरातली पत्रं माझ्या हातची असायची.
आई चुलीपाशी बसून सांगायची,
मी पाटावर निळं अंतर्देशीय उलगडायची.
अंबादास डोमाजी, मध्यवर्ती कारागृह, नागपूर.
'कारागृह' हा शब्द मला थोरल्या भावाने शिकवला,
म्हणजे तिथे जाऊन.

आणीबाणी आमच्या गावात आधी रेडिओतून आली,
मग जीपमधून.
जीपमध्ये पुढे शालिक, माझा मधला भाऊ,
हातात कर्णा, वीस कलमं पाढ्यासारखी पाठ.
हिंगणघाटच्या स्टँडवर पत्रकं वाटताना अंबादासला धरलं
त्या दिवशी शालिक आमच्याच भिंतीला चुना देत होता.
दिवेलागणीला तिथे गाय उभी राहिली,
तिच्या पोटाशी वासरू.
निळीत बुडवलेला ब्रश त्याने तसाच वळचणीला खोचला
आणि जेवायला आला नाही.

बाबा हेडमास्तर. खादी. बेचाळीसचे वळ पाठीवर.
शालिकचा पक्ष म्हणजे त्यांचं तरुणपण.
"माफी लिहून देईल तर येईल घरी," एवढंच म्हणाले,
आणि त्याच्या रिकाम्या पाटावर
जेवताना आपली अडकित्त्याची डबी ठेवू लागले.
त्याला त्यांनी एक ओळ लिहिली नाही.
पण पत्र चिकटवण्याआधी माझ्याकडून मागून घ्यायचे,
लाल शाईत टाक बुडवायचे,
माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे.
"तुरुंगातल्या माणसाला अशुद्ध पाठवू नये."

वसुबारसेला आईने गोठ्यातल्या कपिलेला ओवाळलं,
मग तेच ताट घेऊन बाहेर आली
आणि भिंतीवरच्या गाईलाही कुंकू लावलं.
शालिकला वाटलं, आई आपल्या बाजूची.
"अरे, गाय हाय ते. गाईले काय ठाऊक."
त्या रात्री तिने सांगितलं, लिही,
कपिला जनली. गाय अन् वासरू सुखरूप हायेत.
आमी सारे मजेत.

पुढच्या वर्षी पगारासाठी मास्तरांना
नसबंदीच्या केसेस आणाव्या लागल्या.
बाबांनी शाळेचा शिपाई नेला, बारकू,
लग्नाला दीड वर्ष झालेला.
त्यानंतर ते रेडिओ लावायचे
आणि उठून विहिरीकडे जायचे.

मतदानाला आई एकटी गेली.
बोटावरची शाई घेऊनच तिने कणिक मळली.
शिक्का कुठे मारला ते तिघांनी तीनदा विचारलं.
"जिथं मारायचा होता तिथं."

अंबादास परतला तेव्हा देशात जिंकला होता
आणि आमच्या मतदारसंघात हरला होता.
ओसरीवर बाबा. शालिक तीन दिवस बाहेरगावी.
त्याने पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला,
एक आईपुढे धरलं.
मधली ओळ काळ्या शाईने बुजवलेली.
"इथं काय होतं, माय?
किती रात्री झोपलो नाही.
मले वाटलं, बाबा गेले."
ओसरीवर अडकित्ता थांबला.
आई त्याच्याकडे पाहत राहिली,
मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की
मला भीती वाटली.
"ते पाय गोठ्यात. कडबा खाऊन रायलं."

गोऱ्हा झाला होता एव्हाना. कपाळावर चांद.
कंदील कुणीतरी लागतो म्हणून बाबांनी तो उचलला
आणि त्याच्या मागे गोठ्यापर्यंत गेले.
बोलले नाहीत. तेव्हाही नाही, पुढेही फारसे नाही.
शालिकने नंतर दोनदा पक्ष बदलला, अंबादासने एकदा.
बाबांनी कधीच नाही.

पत्रं आता माझ्या ट्रंकेत आहेत.
परवा ते एक उन्हात धरलं.
काळी पट्टी अजून गडद.
तिच्याखाली 'आम्ही सारे मजेत',
त्याला कुणी हात लावला नव्हता.
कागद उलटा केला, तर मागच्या बाजूने
बाबांच्या टाकाची लाल शाई पाझरून आलेली,
आरशातल्यासारखी उलटी :
माझा एक आखूड उकार खोडून
त्याच्या जागी
लांब.