सालीसकट

स्कीद्राच्या कारखान्यात
एकतीस उन्हाळे मी पट्ट्यापाशी उभी राहिले.
जुलै लागला की ट्रॅक्टरांची रांग
रेल्वे फाटकाच्याही पलीकडे जायची,
आणि गावभर असा वास
की घरी कोरडा पावसुद्धा गोड लागे.

काम सोपं होतं. पीचचे दोन भाग, बाठा बाहेर,
मग कॉस्टिकच्या कढत पाण्याचा फवारा.
त्यातून फळं निघायची
नुकतं न्हाऊ घातलेल्या बाळासारखी,
गुळगुळीत, वाफाळती, उघडी.
साल गटारात.
सालीत काय असतं, कुणी विचारलं नाही.
मीही नाही. मला दिवसाचे पैसे मिळत होते
आणि मनगटापासून कोपरापर्यंत खाज,
त्या लवेची, बारीक, न दिसणारी,
रात्री थ्रासोस व्हिनेगरचा बोळा फिरवायचा तरी न जाणारी.

मग डबा. डब्यात पाक.
डबा जर्मनीला जायचा, कुठे कुठे जायचा,
आणि हंगाम संपला की दोन खोकी आमच्या घरी.
थ्रासोस आधी फोडी संपवायचा,
मग डबा तोंडाला लावून पाक प्यायचा,
मान मागे टाकून, डोळे मिटून.
गेला तो हृदयाने. साखरेने नव्हे.
मी तरी असंच सांगते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या रक्तात साखर निघाली.

आरोग्य केंद्रात आहाराचं बघते ती आर्गिरो.
तिची आई पट्ट्यावर माझ्या डाव्या हाताला असायची,
पोर पोटात असतानाही ऑगस्टभर उभी.
तीच पोर आता चष्म्यातून माझ्याकडे बघत
कागदावर लिहिते:
पाव कमी. डाळी जास्त. रोज चालणं.
दुपारी एक पीच, मुठीएवढा, सालीसकट.
सोबत दही, नाहीतर चार अक्रोड.
रस नको. डब्यातलं तर नावच नको.

सालीसकट?
"चोथा असतो ना सालीत, पोलिक्सेनी मावशी.
साखर मग दमादमाने चढते."

मी हसले.
इतकी, की तिने उठून पाणी आणलं.
तिला कसं सांगू,
एकतीस वर्षं मी औषध गटारात सोडलं
आणि दुखणं डब्यात भरलं, झाकण लावलं,
वर सोनेरी कागद चिकटवला.
कारखान्याखालच्या ओढ्यातल्या माशांना
साखरेचा त्रास म्हणून कधी झाला नसेल.

पहिल्या दिवशी घास घशाखाली जाईना.
जिभेला लव खुपली, हाताला जुनी खाज आठवली.
मग नळाखाली धरून अंगठ्याने चोळलं,
बटाट्याची माती काढावी तसं,
आणि गॅलरीत उभ्या उभ्याच चावा घेतला.
साल जराशी तुरट. मग आंबट.
मग आतला गर, उन्हाने कोमट,
आणि रस मनगटावरून थेट कोपरापर्यंत,
बरोबर खाजेच्याच वाटेने.

बासष्ट वर्षांची मी,
इतके पीच या हातांतून गेले,
तरी पीच आंबटही असतो
हे मला कागदाने शिकवलं.

फडताळात अजून चौदा डबे आहेत.
देववत नाहीत, उघडवत नाहीत.
दर शनिवारी धूळ पुसते.

कागद मात्र मी पाळते.
बाजारात जाते, पेटीत हात घालते, चाचपते.
मुठीएवढा, असं लिहिलंय.
कुणाची मूठ, ते आर्गिरोने लिहिलेलं नाही.
थ्रासोसची मूठ
चांगली मोठी होती.