वासराचं कातडं

स्पेनहून पत्र आलं. धाकट्या रेडमंडला
पलटणीत अधिकारपद हवं असेल तर
आठ पिढ्यांचा पुरावा पाठवा,
रक्ताचा आणि धर्माचाही.

म्हणून बाईसाहेबांनी वासरू कापायला लावलं.
कातडं चुन्यात भिजलं, चौकटीवर ताणलं गेलं.
गाय हंबरत राहिली तीन रात्री
शॅननपलीकडच्या या दगडाळ तुकड्यावर,
जो आम्हाला बदल्यात मिळाला होता, न मागता.

मी, फर्डोरा, पिढीजात बखरनवीस,
हंसाचं पीस तासून बसलो.
"थिओबाल्ड. त्याचा उलिक.
उलिकचा मेलाक्लिन, किलवारनचा सरदार."
किलवारनच्या अंगणात आता परक्यांची कुत्री भुंकतात,
हे त्यांनी सांगितलं नाही,
मीही लिहिलं नाही.

"आणि एडमंड?"
एडमंड, जो राजाच्या चर्चात गेला
आणि दोनशे एकर राखून बसला.
बाईसाहेब विस्तव उकरत राहिल्या.
"निपुत्रिक वारला, लिही."

परवाच त्याच्या नातवानं
रात्रीच्या अंधारात ओटचं पोतं दाराशी टाकलं होतं.
सकाळी त्याचीच पेज आम्ही प्यालो.

सबीना जोगीण झाली. अर्धी ओळ.
रेडमंडला जिनं पाजलं, ती गवळ्याची ग्रॅनिया,
तिच्यासाठी रकानाच नव्हता.

सहाव्या पिढीपाशी कातड्याला भोक निघालं.
वासरू जिवंत असताना गोमाशी चावली असणार.
अक्षरं मी वळसा घालून नेली.
एडमंडची जागा नेमकी तीच.
त्यातून खालचं मेज दिसतं,
मेजावर सांडलेली थोडी पेज.