हयातीचा दाखला

दर पाच तारखेला, दुधाच्या पिशव्या आत घेण्याआधी
फोन एकदा थरथरतो:
नव्याण्णव रुपये वजा.
साकिब तांबोळी, रेडिओ दुरुस्ती.
व्यवहार यशस्वी.

साकिबच्या शेवटच्या व्हिडिओला
सतरा महिने झाले.
त्यात एक मर्फी पाठ उघडी टाकून बसलाय टेबलावर,
आणि साकिब, चेहरा कधीच न दाखवणारा,
नुसती बोटं आणि डाव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग,
म्हणतो, हा व्हॉल्व्ह आता मिळत नाही हो.
बुधवारी जुन्या बाजारात बघतो.
रविवारी लावू.

मी विमा कचेरीत एकतीस वर्षं
बंद पडलेल्या पॉलिशींच्या टेबलावर होतो.
हप्ता थांबला की माणूस कागदावरून उतरतो
हे खिडकीतून किती जणांना समजावलं.
माणूस थांबला आणि हप्ता चालूच राहिला,
तर त्याचा फॉर्म नव्हता आमच्याकडे.

सून म्हणते, बाबा, दोन टिचक्यांचं काम, द्या इकडे.
हिशेबही मांडला तिने: सोळाशे त्र्याऐंशी.
एवढ्यात नवा रेडिओ आला असता.
आला असता.

मार्चमध्ये एकदा गेलो शोधत.
कोथरूड डेपोवरून बस, मग रामोशी गेटपासून चालत.
त्याच्या बोलण्यामागे पत्रा ठोकल्याचा आवाज यायचा,
म्हणजे भवानी पेठच, असा आपला अंदाज.
शटर सापडलं. पाटीवरचा 'रे' गेलेला.
शेजारचा गादीवाला पिंजता पिंजता म्हणाला,
गेला तो. कुठं ते नाही सांगितलं.
तुमचे पैसे अडकलेत का?
नाही, म्हटलं. मीच देतोय त्याला. दर महिन्याला.
त्याने यंत्र बंद केलं.
कशाबद्दल?

कापूस तरंगत होता दोघांच्या मध्ये.
एक पुंजका माझ्या चष्म्यावर बसला,
तो काढायच्या निमित्ताने मी निघालो.

नोव्हेंबरात बँकेत अंगठा लावून येतो मी,
हयात आहे म्हणून.
यंदा ठसा उमटेना.
रेषा झिजल्यात काका, म्हणाली काउंटरवरची मुलगी.
ओल्या फडक्याला तीनदा पुसून दाबला
तेव्हा कुठे जिवंत निघालो.

पैसे त्याच्यापर्यंत जातात
की मधल्या कंपनीच्या पोटात राहतात, देव जाणे.
परत मात्र आले नाहीत अजून, एकदाही.
आणि समजा जात असतील,
तर कुठल्याशा गावी, भलत्याच कामावर
त्याचाही खिसा थरथरत असेल पाच तारखेला:
द. के. उकिडवे, नव्याण्णव रुपये जमा.
आणि हातातला पाना खाली न ठेवता
तो म्हणत असेल,
आहे म्हातारा.