तीस फुटांच्या आत

डुलुथ, जानेवारी. बाहेर उणे सव्वीस.
आर्लिसच्या तळघरात बॉयलर घुरघुरतोय,
टेबलावर नकाशा, आणि त्याचा कोपरा वळू नये म्हणून
बीटच्या लोणच्याची बरणी.

पा-न्या म्हणते, "शोधमंत्र टाकते."
आर्लिस चष्मा कपाळावर ढकलते.
"टाक. तीस फुटांच्या आतलं सगळं उजळेल.
पण मंत्राला जादू दिसते,
जादूखालचा माणूस दिसत नाही.
तो कोण, हे तुलाच विचारावं लागेल,
आणि खोटं बोलायला जादू लागत नाही."

मग दरबारात दिवेच दिवे.
राणीच्या गळ्यातला ताईत,
पुरोहिताची काठी, भालदाराचे बूट,
सेनापतीचं तर नुसतं डोकंच झगमगतंय –
अरेच्चा, टक्कल! केसांपुरती माया!
आणि आमचे आम्ही, नखशिखांत लखलखणारे,
तीन मोहिमांची लूट अंगावर मिरवत.
एवढ्या उजेडात
संशय तरी कुणाचा घ्यायचा?

अर्धा तास वाद.
हॉलिसचं म्हणणं, माया डोळ्यांना फसवते, बोटांना नाही,
हात लावून बघा, आरपार जाईल.
"सेनापतीच्या डोक्याला? लाव की तू."
पा-न्या मुठीत फासे खुळखुळवत राहते.

दारातला भिकारी तेवढा अंधारा.
विस्कटलेली दाढी, हातात थाळी.
"त्याच्यावर काहीच नाही," आर्लिस सपाट आवाजात सांगते.
आम्ही त्याला एक नाणं देतो
आणि जाऊ देतो.

वेशीबाहेर त्यानं दाढी ओढून काढली.
बोकडाचे केस, डिंक, चिमूटभर काजळी.
राजमुद्रा थाळीच्या दुहेरी तळात.
टेबल गप्प. मग हॉलिसनं कपाळावर हात मारला
आणि आर्लिस खोकला येईपर्यंत हसली.

तेवढ्यात पिझ्झा आला.
"आज माझ्याकडून," वेंडेल म्हणाला.
वेंडेल, जो संध्याकाळभर फारसा बोललाच नव्हता.
खनिजाच्या धक्क्यावरचं त्याचं काम नोव्हेंबरात सुटलं.
आर्लिसला ठाऊक आहे, तिची बहीण तिथे पगारपत्रकं करते.
तो मात्र अजून कामाचेच बूट घालून येतो,
शिवणीत अडकलेली जुनी लाल धूळ,
आणि "उद्या लवकर उठायचंय" म्हणून निघतो.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही
म्हणतात.
त्यानं आणलं.
विसाच्या दोन नोटा, इस्त्री केल्यासारख्या सरळ,
"राहू दे सुटे," असंही म्हणाला त्या पोराला.

आर्लिसनं त्याच्याकडे पाहिलं.
चष्मा कपाळावरच होता, तो तिनं खाली घेतला नाही.
बरणी उचलली, झाकण फिरवलं,
त्याच्यापुढे सरकवली.
नकाशाचा कोपरा सुटून वळला,
वेस, रस्ता, पळणारा भिकारी,
सगळं गुंडाळीत गेलं.

"खा रे," ती म्हणाली. "आणि पाळी कुणाची होती?"