आवक

पेठ रोडच्या संकलन केंद्रावर
पहाटे साडेपाचला कॅन उघडतात.
मी ढवळते, नमुना घेते,
यंत्राच्या नळीखाली धरते.
फॅट तीन सात. एसएनएफ आठ पाच.
अकरा वर्षं दुसऱ्यांच्या गोठ्यातलं दूध
आकड्यांत उतरवून घेतेय.

जूनमध्ये संस्थेतून फोन आला,
तुमचा नंबर जवळ आलाय.
त्याच आठवड्यात गंगापूर रोडच्या पिंगळे मॅडमनी
गोळ्या लिहून दिल्या, आणि भाड्याचा पंप.
दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा.
बाळ येण्याआधीपासून शरीराला सांगत राहायचं.
काय सांगायचं, ते मात्र
चिठ्ठीवर नव्हतं.

मग पशुखाद्याच्या खोलीत
सरकी पेंडेच्या पोत्यावर बसून, आतून कडी लावून,
घर्र थप, घर्र थप.
पंधरा मिनिटं डावी, पंधरा उजवी,
आणि खाली कोरडी ठणठणीत बाटली.
बाहेरून कोणी ओरडे, ताई, माप घ्या की.
आले, म्हणायचे, पावतीपुस्तक शोधतेय.

भागाबाई मोंढेला मात्र कळलंच.
दोन म्हशींची मालकीण, कानाने तिखट.
हसली नाही. म्हणाली,
आमच्या चांदीचं रेडकू मेलं त्या साली
ह्यांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून उभं केलं.
चांदी त्याला चाटायची नि दूध सोडायची.
पुढं शिवण उसवली, पेंढा भाईर आला,
तरी चाटायची.
तुझं उलटंच हाये बाई.
रेडकू यायच्या आधीच पान्हवाय बसलीस.

त्या रात्री झोप आली नाही.
तीनचा गजर होताच म्हणा.

एकेचाळिसाव्या दिवशी,
छाटलेल्या द्राक्षकाडीच्या तोंडाशी जमतं
तसं काहीतरी जमलं.
एक थेंब. पांढरा नाही, पिवळा नाही,
कांजीच्या रंगाचा.
सुखदेवला हाक मारली. तो आधी चष्मा शोधत बसला.
मग बाटली बल्बखाली धरून म्हणाला,
फॅट किती लागेल गं?
आणि हसता हसता मोरीच्या उंबऱ्यावर
खालीच बसला.

दुर्वा आली ती साडेतीन महिन्यांची.
बाटलीला सरावलेली, कागदांवर दुसरंच नाव.
छातीशी घेतली की धनुष्यासारखी ताणायची,
असं रडायची, की वरच्या मजल्यावरच्या काकू
निरोप पाठवायच्या, दृष्ट काढा.
आठ दिवस असेच.
मी तिला दोष दिला नाही.
दिला, दोनदा. मग तिचे पाय चोळत बसले.

नवव्या रात्री लाईट गेली.
पंप मुका. अंधारात चाचपडत मी
केसाएवढी नळी कागदी पट्टीने चिकटवली,
एक टोक डब्यातल्या दुधाच्या वाटीत,
दुसरं माझ्या बोंडापाशी.
आणि तिने, कदाचित दिसत नव्हतं म्हणून,
कदाचित भुकेने,
तोंड मोठं उघडलं.

मोजायची सवय आहे, मोजून सांगते:
दिवसाचं माझं एकशे दहा मिली, फार तर.
बाकी सगळं डब्यातलं.
केंद्राच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय,
भेसळ आढळल्यास संपूर्ण कॅन परत.
रोज मी त्याच भिंतीखाली बसते,
लोकांची कॅनं परत पाठवते,
आणि घरी तिच्या तोंडात
दोन्ही दुधं एक होताना
नमुना घेत नाही.

काकू विचारतात, खरंच येतं का गं,
की नुसतं आपलं समाधान?
मी म्हणते, गिळल्याचा आवाज येतो.
तेवढंच येतं सांगता.

पिताना ती दुसऱ्या हाताने
माझ्या गळ्याखाली ओरबाडते.
नखं कापायची राहतात.
पहाटे वाकून कॅन ढवळताना
घाम उतरतो, तिथे झोंबतं.
मी पदर सारखा करत नाही.
पुढचा नंबर घेते.